एक्सल बदलताना तरफेचा धडा

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकातून 'कट कट' आवाज येत असेल तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. त्यावरचा रबरी बूट फाटला की ग्रीस उडतं, धूळ-पाणी शिरतं आणि आतल्या सहा पोलादी गोळ्या झिजतात. आमच्या जुन्या गाडीचं हेच झालं. म्हणून रविवारी मी आणि आठवीतली लेक अंगणातच कामाला लागलो.

हबचा मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचा. "बाबा, आधीच का?" मी उत्तर न देता तिच्या हाती पाना दिला. नट हलेना. पान्यावर तीन फुटी पाईप चढवला, मग सुटला. तरफ पुस्तकात होतीच की! आता तिनेच सांगितलं, "चाक अधांतरी असतं तर नटाबरोबर चाकच फिरलं असतं." शिवाय एवढ्या जोराने गाडी जॅकवरून घसरली असती, ते वेगळंच. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, स्टँड हवाच. इथे मी कुणाचं ऐकत नाही.

बाकी काम चिकाटीचं. बॉल जॉइंट सोडवला, गळणारं गिअर ऑइल भांड्यात धरलं. नव्या एक्सलचं लॉक 'खट्ट' बसायलाच पाऊण तास गेला. नटही नवा घातला, ऑइल भरलं.

जुना एक्सल पुसून शाळेच्या प्रयोगशाळेत ठेवलाय. जॉइंट वाकवला तरी दोन्ही टोकं सारख्याच वेगाने कशी फिरतात, हे मुलं खडूच्या खुणा करून तपासतात.