आत्याच्या पेपरमिंटच्या कांड्या

मी बुऱ्हाणपूरचा म्हटलं की लोक लगेच मावा जिलेबी नि दराब्याबद्दल विचारतात. मीही चवीने सांगतो. पण ज्या गोडाने आमचं घर चाललं, त्याबद्दल साठी उलटेपर्यंत मी कुणाजवळ बोललो नव्हतो. ते गोड म्हणजे आमच्या आत्याच्या पेपरमिंटच्या कांड्या. पेन्सिलीएवढ्या जाड, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पाच पैशाला एक.

आत्या पंचविशीत विधवा होऊन माहेरी आली. वडिलांचा पगार बेताचा, खाणारी तोंडं सात. "भाऊ, मी बसून खाणार नाही," म्हणाली आणि गल्लीतल्या एका म्हाताऱ्या हलवायाकडून हे काम शिकली. दसऱ्यापासून होळीपर्यंत तिचा हंगाम. पावसाळ्यात ती कढई चढवतच नसे. "पावसात साखर रडते," म्हणायची. खरंच होतं ते, हवेतली ओल ओढून कांडी चिकट होते.

पहाटे चारला तिची शेगडी पेटायची. किलोभर साखर, तिच्या तिसऱ्या हिश्शाने पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस. साखर विरघळली की मग पाकात चमचा घालायचा नाही. कढईच्या कडेला लागलेले साखरेचे दाणे ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे. एक दाणा जरी आत पडला तरी सगळा पाक परत रवाळ होतो. होळीला आमच्याकडे साखरेचे हार-कंगण करतात, त्यात पाक घोटून मुद्दाम रवाळ करतात, म्हणून ते दाताखाली भुरभुरतात. कांडीचं उलटं. ती काचेसारखी व्हायला हवी. लिंबाची आंबटाई साखरेला पुन्हा दाणे धरू देत नाही.

पाक दीडशे अंशांपर्यंत जावा लागतो, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आत्याकडे थर्मामीटर नव्हता. गार पाण्याच्या वाटीत ती एक थेंब टाकायची. थेंब कडक होऊन 'कट्' मोडला की कढई खाली. मग तूप लावलेल्या फरशीवर पाक ओतायचा, कडा गार होतील तशा आत दुमडायच्या. पेपरमिंटचं तेल तेव्हा घालायचं, आधी घातलं तर वास वाफेबरोबर उडून जातो. थोडा गोळा बाजूला काढून त्यात लाल रंग.

उरलेला मधासारखा पारदर्शक गोळा ती भिंतीतल्या लोखंडी आकड्यावर टाकून ओढायची. ओढायचा, दुमडून परत आकड्यावर, परत ओढायचा. दहा-बारा मिनिटांत तो रेशमासारखा पांढराशुभ्र होई. पांढरा रंग वगैरे काही नाही हं, ओढता ओढता आत शिरलेली हवा ती. मग पांढऱ्या लोळीवर लाल पट्ट्या चिकटवायच्या, लांबवायचं, पीळ द्यायचा आणि कात्रीने कापायचं. सगळं गोळा गरम आहे तोवर. म्हणून तिचे तळहात कायम लाल, कातड्यासारखे जाड. लग्नाकार्यात ती हात पदराखाली ठेवून बसायची.

हे सगळं मला पाठ होतं, आणि तरी १९७२ साली, सहावीत असताना, मी जे केलं ते केलं. ताप्तीकाठच्या बालाजीच्या मेळ्यात ती बसायची, तिथपर्यंत ठीक होतं. त्या दिवशी ती डबा घेऊन आमच्या शाळेच्या फाटकाशी आली. माझे नवे मित्र, चांगल्या घरचे. एकाने विचारलं, "इनको जानता है क्या?" मी मान हलवली. नाही.

आत्याने ऐकलं. तिने सगळ्यांना कांड्या दिल्या, पैसे घेतले, मग माझ्याकडे बघून गिऱ्हाइकाशी बोलावं तशी हिंदीत म्हणाली, "तुम्हें कितनी दूँ, बेटा?" घरात आम्ही कधी मराठीशिवाय बोललो नव्हतो. मी म्हणालो, "नहीं चाहिए."

संध्याकाळी तिने नेहमीसारखं ताट वाढलं. एक शब्द नाही. वडिलांनाही सांगितलं नाही. पुढे माझ्या इंदूरच्या कॉलेजची फी गेली त्यात त्या पाच-पाच पैशांचा वाटा मोठा होता. ते मला ठाऊक होतं, म्हणूनच बोलायला जीभ वळेना. मग नोकरी, पुणं, संसार. गावात पुडीतल्या टॉफ्या आल्या आणि तिची कढईही एक दिवस माळ्यावर गेली.

मागच्या डिसेंबरात नातीने टीव्हीवर नाताळच्या झाडाला टांगलेली लाल-पांढरी कांडी पाहिली नि म्हणाली, "आजोबा, ही कशी करतात?" मी म्हटलं, "चल, जिला येते तिच्याकडेच जाऊ." रावेर मागे पडल्यापासून माझ्या पोटात गोळा.

आत्या आता अठ्ठ्याऐंशीची. तिने स्टुलावर बसून हुकूम सोडले, काम मी केलं. पहिला घाणा फसला. मी पाक ढवळला होता, रवाळ झाला. दुसरा जमला. आकडा केव्हाच निघाला होता, म्हणून गोळ्याचं एक टोक तिने धरलं, एक मी. हाताला चटका बसत होता, सोडता येत नव्हतं. तेव्हाच म्हणालो, "आत्या, त्या दिवशी शाळेपाशी मी..."

"साखरेत लक्ष दे," ती म्हणाली. "गार होतेय."

आम्ही ओढत राहिलो. गोळा पांढरा झाला. कापून झाल्यावर तिने नातीच्या हातात दोन कांड्या दिल्या. मग माझ्याकडे बघितलं. तोंडात दात नाहीत, पण डोळे हसत होते.

"तुम्हें कितनी दूँ, बेटा?"

या वेळी मी दोन्ही हात पुढे केले.