तीस चौरस फुटांची खोली

पाचवीला क्षेत्रफळ शिकवून झालं की मी दरवर्षी एकच गृहपाठ देते. घरातली एक खोली मोजा, लांबी गुणिले रुंदी करा, उत्तर चौरस फुटांत लिहा. गेल्या वर्षी एका मुलाने लिहून आणलं, ६ × ५ = ३० चौरस फूट. मुलगा बीडीडी चाळीत राहणारा. तिथली खोली १६० चौरस फुटांची, हे आमच्या भागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. मी लाल शाईने फुली मारली आणि त्याला जवळ बोलावलं.

"अरे, पूर्ण खोली मोजायची होती."

"पूर्णच मोजली बाई. बाकीच्या जागेत सामान आहे. तिथे कुणाला बसता येत नाही."

वही परत दिली, पण ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं. आमचंही घर जुन्या चाळीतलंच. मोरीसकट १० बाय १५ ची एक खोली आणि माणसं चार : सासूबाई, हे, मी आणि नववीतली मुलगी. मुलगी बाहेर गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी बसून अभ्यास करायची. तिला तिथेच एकाग्रता लागते, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिलाच विचारलं. ती म्हणाली, "आत वही उघडायला जागा कुठंय?" मग टेप काढून आम्ही दोघींनी मोकळी जमीन मोजली. ७ बाय ५. म्हणजे ३५. दीडशे चौरस फुटांच्या घरात आम्ही पस्तिसात राहत होतो!

दिवाळीला रंग काढायचाच होता, तेव्हा हात घातला. खरी अडचण होती कपाटाची. सासूबाईंचं लोखंडी कपाट अर्धी खिडकी अडवून उभं. ते सासऱ्यांनी गिरणीच्या बोनसमधून घेतलेलं आणि त्यांनी ठेवलं तिथून कधीच न हललेलं. "माझ्या देखत ते कुणी हलवायचं नाही," असं आईंनी सांगून टाकलं. मी चिडले, आणि चुकीच्या वेळी चिडले. पंधरा दिवस घरात कामापुरतंच बोलणं. शेवटी ह्यांनी मध्यस्थी केली. कपाट घरातून जाणार नाही, फक्त पोटमाळ्याखाली दाराशेजारी सरकेल. आईंनी एक अट घातली, त्याला नवा रंग द्यायचा नाही. ते अजून तसंच गडद हिरवं आहे, आणि खरं सांगायचं तर चांगलं दिसतं.

दाराशेजारच्या त्या जागी आधी शोकेस होती. तिच्यात भेट आलेल्या बाहुल्या, घड्याळं आणि एकदाही न वापरलेला टी-सेट. ती खालच्या मंडळाला ढाली ठेवायला दिली. पोटमाळ्यावरची गाठोडी खाली काढली. दोन दिवाळ्यांत जे एकदाही उतरलं नाही ते द्यायचं, असा नियम केला. गौरीच्या सामानाला आणि आईंच्या पितळी हंड्याला त्यातून सूट.

भिंतींना खाली चार फूट हिरवा ऑइलपेंट आणि वर पांढरा, असा जुन्या घरांतला नेहमीचा प्रकार होता. त्या पट्ट्याने भिंत मधोमध कापली जाते आणि उंच छतही ठेंगणं वाटतं. डाग दिसू नयेत म्हणून तो असतो, हे मान्य. आम्ही मात्र भिंती, छत आणि पोटमाळ्याची खालची बाजू, सगळ्यांना एकच फिकट रंग दिला. गडद रंग प्रकाश शोषून घेतो, फिकट रंग तो परतवतो, हे वर्गात कितीदा शिकवलं असेल! घरी मात्र दुपारी चारलाच ट्यूब लावायचो. जाड मरून पडदा काढून जुन्या सुती साडीचा पातळ पडदा केला, आणि दांडी चौकटीच्या वर, दोन्ही बाजूंना वीतभर जास्त लांब लावली. पडदा सारला की तो भिंतीवर जातो, काचेवर राहत नाही.

आरशाची गंमत वेगळीच. मासिकात वाचून ह्यांनी मोठा आरसा आणला आणि लावला नेमका भांड्यांच्या मांडणीसमोर. आरशातली प्रतिमा वस्तू जितकी पुढे तितकीच मागे दिसते. त्यामुळे झालं काय, तर आमच्या घरात दोन मांडण्या, दोन गॅस आणि दोन सिलिंडर! घर आणखीच गच्च दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो खिडकीसमोरच्या भिंतीवर गेला. आता त्यात आकाशाचा तुकडा आणि समोरचं पिंपळाचं झाड येतं. आरसा लावण्याआधी त्याच्यासमोर काय आहे ते बघा, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

खिडकीखाली सुताराकडून बिजागऱ्यांवर उघडणारी फळी बसवून घेतली. साखळीवर टेकते, काम झालं की भिंतीला लागते. स्टडी टेबल म्हणून दुकानात जे मिळतं त्याने आमची कमावलेली जमीन परत गिळली असती. सगळं झाल्यावर मुलीने टेप लावली : ८ बाय ७, छप्पन्न. क्षेत्रफळ तेच दीडशे. खिडकीवरून मात्र नवीन भांडण सुरू झालंय. चार ते पाच तिथे आईंचा चहा असतो, आणि तोवर फळी उघडायची नाही.

त्या मुलाच्या वहीतली फुली मी नंतर खोडली आणि शेजारी लिहिलं, "मोकळी जागा : बरोबर." यंदापासून गृहपाठात दोन ओळी आहेत, खोलीचं क्षेत्रफळ आणि मोकळ्या जमिनीचं क्षेत्रफळ. ही उत्तरं वर्गात मोठ्याने वाचून घेत नाही. कुणाचं घर किती, हे सगळ्यांना कळायची गरज नाही.

तो आता सहावीत आहे. परवा मधल्या सुट्टीत स्वतःहून आला आणि म्हणाला, "बाई, दिवसा खाट भिंतीला उभी केली ना, तर बेचाळीस होतात."