पाहुणा आणि गिऱ्हाईक

पाहुण्याकडे जेवणाचे पैसे मागायचे नसतात, हे आम्ही लहानपणी शिकलो. आणि पन्नाशी उलटल्यावर दिवेआगरात स्वतःच्याच दारावर ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशी पाटी लावून बसलो. या पाटीतला ‘घरगुती’ हा शब्द फार महागात पडतो बरं का! हॉटेलच्या गल्ल्यावर कुणी ‘आपलं समजून’ कमी करा म्हणत नाही. आम्हांला म्हणतात, “घरच्यासारखंच ना? मग घरच्यासारखं बघा की!”

बऱ्या दिवसांत याची गंमत वाटायची. १९९७ मध्ये गावात सुवर्णगणेश सापडला आणि पर्यटकांची रीघ लागली. २०१२ मध्ये मूर्ती चोरीला गेली, रीघही आटली. पण तेव्हा घरामागे सुपारीची बाग उभी होती. पाहुणा येवो न येवो, रोठा सुपारी पिकायचीच. मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ. एका दुपारीत बाग आडवी! नवं रोप फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं. तोवर आमची बाग म्हणजे या दोन खोल्या.

त्या डिसेंबरात डोंबिवलीहून एका गृहस्थांचा फोन आला. खोलीचे मी पंधराशे सांगितले, त्यांनी हजार म्हटले. मी बाराशेवर आलो.

“तुमच्या शेजारी आठशेत देतात.”

देतही असतील. वादळ त्यांच्याही छपरावरून गेलं होतं. मी हजाराला होकार दिला. त्यावर गृहस्थ विचारतात, “मोदक ताटातच धरायचे ना?”

इथे सौभाग्यवतीने फोन काढून घेतला. तिचा हिशेब सरळ आहे. रिकामी खोली काही खायला मागत नाही. दर उतरवला तरी फार तर दोन चादरी जास्त धुवायच्या. मोदकाचं तसं नाही. वाडीतले माड पडलेले. दिवेआगरात राहून आम्ही नारळ विकत आणत होतो! खोलीत हवी तेवढी घासाघीस करा, ताटात नाही.

मंडळी आली. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी त्यांच्या पत्नी बोलता बोलता म्हणाल्या, मे महिन्यापासून पगार निम्माच येतो. मुलं नऊ महिने दोन खोल्यांत कोंडलेली होती, म्हणून कसंबसं जमवलं. गृहस्थ मान खाली घालून चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. मी काही बोललो नाही. आदल्याच आठवड्यात रोपवाटिकेत उभा राहून मी म्हणत होतो, “शंभर रोपं घेतोय, काही बघा की!” तोच सूर, तेच शब्द.

त्या रोपांपैकी काही आता फळ धरू लागली आहेत. त्या गृहस्थांचाही मध्यंतरी फोन आला. पगार पूर्ववत होऊन वर बढतीही मिळालेली. दर ऐकून म्हणाले, “अहो, आम्ही तर तुमची जुनी माणसं!” मी आपणहून शंभर रुपये कमी केले. पलीकडे क्षणभर शांतता.

“आणि मोदक?”

मी फोन सौभाग्यवतीकडे दिला.