कोयत्याची मूठ

शहादा तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरला सातपुडा साखर कारखाना आहे. ऊसतोडीच्या हंगामात मजुराच्या हातात दिवसभर कोयता असतो. पात्याची धार सगळेच पाहतात. तळहाताला फोड आणते ती मात्र मूठ.

मूठ घासणाऱ्याने म्हणूनच सँडिंग बेल्ट पारखून घ्यावा. बाभळीच्या टणक लाकडाला आकार द्यायला ६० ग्रिट, मग १२०, शेवटी २४०. मधली पायरी गाळली की तेल लावताच जुने ओरखडे उठून दिसतात, आणि सगळं पुन्हा घासावं लागतं!

झिजलेला पट्टा दाबून चालवणं ही खोटी काटकसर. लाकूड कापलं जात नाही, करपतं. भुशाने भरलेला पट्टा क्रेप रबराच्या कांडीने साफ होतो. बोथट झालेले कण मात्र परत धारदार होत नाहीत.

पट्टा घडी न घालता, ओलाव्यापासून दूर, जाड खुंटीवर टांगावा. आतल्या बाजूला बाण असेल तर त्याच दिशेने चढवावा. बारीक भुसा छातीत जातो, तेव्हा तोंडाला मास्क हवाच.