जिंकणाऱ्या घोड्याची गोष्ट



मालवणच्या आमच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तीत माझ्या थोरल्या काकांची, तात्यांची, एक वही आहे. तात्या मुंबईत गिरणीकामगार होते. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे आणि गिरणगाव त्याच्या कुशीलाच वसलेले. रेसचा नाद तात्यांना लागला आणि सुटला नाही. वहीत पैशांचा हिशेब नाही. आहेत ती केवळ घोड्यांची नावे, कानांवर पडली तशी देवनागरीत उतरवलेली. हिशेब घरच्यांनी चुकता केला. दारासमोरची कलमांची बाग गहाण पडली आणि माझ्या थोरल्या बहिणीचे शिक्षण अकरावीत थांबले.

भाषाविज्ञानाचा अभ्यासक म्हणून ती नावे मी पुष्कळदा न्याहाळली आहेत. घोड्याला स्वतःची भाषा नसते. माणसाने दिलेले नाव तेवढे तो आयुष्यभर वाहतो. अमेरिकेतील ‘सीबिस्किट’ या घोड्याच्या पित्याचे नाव ‘हार्ड टॅक’. हार्ड टॅक म्हणजे लांबच्या सफरीत खलाशी खात ते टणक बिस्किट, आणि ‘सी बिस्किट’ हे त्याचेच दुसरे नाव. १९२६ साली न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ‘फार लॅप’चे नाव थायी भाषेतील विजेच्या लखलखाटाच्या शब्दावरून आले. नाव ठेवताना माणूस आपली आशा त्यात घालतो. पुढे चित्रपटही तेच करतो.

‘सीबिस्किट’ हा चित्रपट २००३ साली आला. महामंदीने रोजगार हिरावलेल्या अमेरिकेत लहान चणीचा, उपेक्षित घोडा १ नोव्हेंबर १९३८ रोजी ‘वॉर अॅडमिरल’सारख्या विजेत्याला हरवतो आणि खचलेल्या माणसांना तो आपला वाटतो. ‘ड्रीम हॉर्स’मध्ये (२०२०) वेल्समधील जुन्या खाणपट्ट्यातले गावकरी दर आठवड्याला दहा पौंड वर्गणी काढून ‘ड्रीम अलायन्स’ला वाढवतात आणि २००९ साली तो ‘वेल्श नॅशनल’ जिंकतो. ‘सेक्रेटरिएट’ने १९७३ मध्ये बेलमाँटची शर्यत एकतीस लांबींनी जिंकली, त्याच्यावरील चित्रपट २०१० साली आला. या तिन्ही कथा सत्य आहेत. मात्र सत्याच्या राशीतून त्या निवडल्या गेल्या, त्या विजयामुळे.

‘फार लॅप’ (१९८३) मात्र थोडा वेगळ्या वाटेने जातो. १९३० सालचा मेलबर्न कप जिंकणारा हा घोडा एप्रिल १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अचानक मरण पावला. चित्रपट त्या मृत्यूपासूनच सुरू होतो; त्यामुळे तो जिंकेल की नाही, ही उत्कंठा मागे पडते आणि आपण त्याच्याभोवतीच्या माणसांकडे पाहू लागतो. मरणानंतरही माणसांनी त्याला सोडले नाही. त्याचे हृदय कॅनबेऱ्यात, कातडे मेलबर्नमध्ये आणि सांगाडा वेलिंग्टनमध्ये जतन केलेला आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. तो चिघळला, तसे तात्या गावी परतले ते कायमचेच. बहिणीमुळे माझ्या मनात त्यांच्याविषयी राग होता. त्यांना कोणी रेसविषयी छेडले, तर ते एवढेच म्हणत, “घोड्याचो काय दोष? तो धावलो.” त्या उत्तराने माझा राग वाढे, दोष स्वतःचा आहे, हे त्यांनी उघड बोलावे, असे मला वाटे.

पुढे एका सुट्टीत मी ‘सीबिस्किट’ची सीडी गावी नेली. तात्यांना इंग्रजी संवाद कळत नव्हते. शर्यत सुरू झाली, सारे घर घोड्याकडे पाहू लागले. तात्यांची नजर मात्र कठड्याला रेलून ओरडणाऱ्या गर्दीवर होती. चित्रपट संपल्यावर बराच वेळ ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, “ही माणसां सांजेक घराक कशी गेली असतली?”

माझी बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ते ऐकले. काही न बोलता ती आत गेली आणि त्यांच्यासाठी चहा घेऊन आली. मी इतकी वर्षे ज्या कबुलीची वाट पाहत होतो, ती त्या प्रश्नात होती, हे माझ्याआधी तिला उमगले. भाषा शिकवणाऱ्याला ते उशिरा कळले, याची खंत आजही आहे.

मित्रहो, सत्यघटनेवर आधारलेला चित्रपट आपण जरूर पाहावा, त्यातील विजयाने आनंदितही व्हावे. मात्र कथनाचा अभ्यास करताना एक प्रश्न सोबत ठेवावा: पडद्यावर घोडा जिंकतो, तेव्हा त्याच्या विरुद्ध पैसा लावलेला माणूस कोणत्या वाटेने घरी गेला? त्याची कथा कोणी सांगितलेली नसते. ती बहुधा कुणाच्या तरी माळ्यावर, ट्रंकेत पडून असते.