सोळा नंबरचा कागद

सरकारी कचेरीतल्या कारकुनाला नातेवाइकांत एक फुकटचा मान असतो. त्याला जगातले सगळे फॉर्म भरता येतात, असा सर्वांचा समज. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, आकड्यांशी माझं जेवढ्यास तेवढं. तरी २०२३च्या जुलैत, अधिक श्रावणातल्या एका रविवारी, भाची ओली छत्री सोप्यावर टेकवून आत आली आणि म्हणाली, "मामा, आतां कितें करप?"

तिच्या कंपनीने एप्रिलात गाशा गुंडाळला होता. आयकराचं विवरणपत्र भरायची मुदत ३१ जुलै. पगार किती दिला, कर किती कापला याचा दाखला म्हणजे फॉर्म १६. तो मालकाने १५ जूनपर्यंत द्यायला हवा होता. मालक फोनच उचलत नव्हता. "तो कागद नसेल तर रिटर्न भरताच येत नाही," असं कुणीतरी तिला सांगितलेलं. उशीर झाला तर ५,००० रुपये शुल्क, आणि हातात नोकरी नाही. पोर दोन रात्री झोपली नव्हती.

मी म्हटलं, आधी चहा घे. विवरणपत्राला फॉर्म १६ जोडावा लागतच नाही. तो आकडे काढायची सोय. आकडे दुसरीकडूनही मिळतात.

बारा महिन्यांच्या पगारपावत्या काढल्या. दोन सापडल्या नाहीत, त्या महिन्यांसाठी पासबुक उघडलं. इथे बहुतेकजण चुकतात. बँकेत जमा होतो तो कापून उरलेला पगार. विवरणपत्रात लिहायचा तो कापण्याआधीचा. म्हणून कापलेला कर आणि भविष्यनिर्वाह निधी परत मिळवायचा. मग ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट, निधीची वजावट, आणि राहिलं त्यावर कर.

शेवटी आयकराच्या पोर्टलवर फॉर्म २६एएस पाहिला. आपल्या पॅनखाली कुणी किती कर भरला, ते तिथे दिसतं. पावत्यांप्रमाणे दरमहा १,८०० कापलेले, वर्षाचे २१,६००. तिथे दिसत होते १६,२००. जानेवारी ते मार्चचे ५,४०० गायब!

"म्हणजे माझ्याकडनं घेतले आणि भरलेच नाहीत?"

मला उत्तर सुचेना. १९६१च्या कायद्याचं कलम २०५ तिच्या बाजूने होतं: पगारातून कर कापला गेला, तर तोच कर पुन्हा नोकरदाराकडे मागायचा नाही. पण संगणक जुळवतो ते २६एएसशी. नोटीस येणार हे दिसत होतं. तरी आम्ही पूर्ण २१,६०० दाखवले, मुदतीत भरलं, आणि पावत्या एका फायलीत बांधून ठेवल्या.

त्या रात्री झोप मला लागेना. आमच्या कचेरीतले एक निवृत्त शिपाई पगाराच्या दाखल्यासाठी तीनदा येऊन गेले होते. तिन्ही वेळा मी मान वर न करता म्हटलं होतं, "फाल्यां येयात." कागद माझ्याच खणात होता, फक्त सहीला पाठवायचा राहिला होता. सकाळी कचेरीत पोचताच पहिलं काम ते केलं. संध्याकाळी दाखला घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हातारा रागावला नाही, वर नारळ दिले दोन. रागावला असता तर बरं झालं असतं.

हिवाळ्यात नोटीस आली: ५,४०० भरा. आम्ही पोर्टलवर असहमती नोंदवून पावत्या जोडल्या. फेब्रुवारीत २६एएसमध्ये ती रक्कम अचानक उगवली. कर भरलेला होता, पण शेवटच्या तिमाहीचं विवरण दाखल व्हायचं राहून गेलं होतं. ते दाखल केलं कंपनीच्या जुन्या हिशेबनीसाने, ज्याचा स्वतःचा दोन महिन्यांचा पगार थकलेला होता.

मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण खण उघडताना अजून त्याची आठवण येते. मग "फाल्यां" म्हणायला जीभ रेटत नाही.