फिकट रेघ

पट्टीवरची ठसठशीत रेघ कोणीही वाचील. प्रयोगशाळेतल्या माणसाचा कस लागतो तो त्या रेघेपाशी, जी आहे म्हणावी तर डोळा साशंक होतो आणि नाही म्हणावी तर मन. एच.आय.व्ही.च्या रॅपिड चाचणीचा नियम निःसंदिग्ध आहे : मुदतीत उमटलेली रेघ कितीही फिकट असली तरी रिअ‍ॅक्टिव्ह, आणि मुदतीनंतरची कितीही गडद असली तरी वाचायचीच नाही. परंतु ती फिकट का, हे पट्टी सांगत नाही. संसर्ग नुकताच होऊन प्रतिपिंडे अल्प असली तरी ती तशीच उमटते आणि रक्तातले भलतेच काही प्रतिजनाला चिकटले तरीही.

आमच्या केंद्रावर गरोदर स्त्रियाच बहुसंख्य. हजारांत दोघींना संसर्ग असेल आणि किटाची विशिष्टता शेकडा ९९.५ असेल, तर त्या दोघींबरोबर सुमारे पाच निरोगी स्त्रियांच्याही पट्टीवर रेघ येणार. सातांतल्या पाच रेघा खोट्या! म्हणून पहिली चाचणी अतिसंवेदनक्षम, पुढच्या दोन निराळ्या प्रतिजनांच्या वा तत्त्वांच्या. आणि पहिलीला त्यांपैकी एकीचाच दुजोरा मिळाला, तर ‘अनिर्णित’ असा शेरा मारून दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त. एकाच किटावर भागवून संध्याकाळी छापील अहवाल हाती ठेवणाऱ्यांविषयी माझे मत कडवट आहे ते याचमुळे. वेस्टर्न ब्लॉट या जुन्या पुष्टिचाचणीचा जप करणाऱ्या माझ्या समवयस्कांशीही माझे जमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तो सोडून देण्याची शिफारस केली, याचे मला यत्किंचित दुःख नाही, कारण अनिर्णिताचा घोळ त्यानेही काही थोडा घातला नव्हता.

माझ्या नजरेची मात्र मला फार घमेंड होती. संशयास्पद पट्टी आली की डॉक्टर मला बोलावणे धाडीत, आणि मी ती उजेडाकडे धरून जरा अधिकच वेळ लावी. आता मोतीबिंदू उतरू लागला आहे. शिकाऊ मुलगी हलकेच म्हणते, “सर, रेघ आहे,” आणि मला तिथे निव्वळ पांढरे दिसते. तेव्हापासून आम्ही दोघे एकमेकांना न विचारता स्वतंत्रपणे वाचतो आणि नोंदवहीत दोन्ही वाचने लिहितो. दोघांपैकी एकाला जरी रेघ दिसली, तरी नमुना पुढच्या चाचण्यांना जातो. व्यवस्था निर्दोष आहे आणि ती मीच लावली. तथापि तिला दिसलेली आणि मला न दिसलेली रेघ पुढच्या दोन्ही चाचण्यांत खोटी ठरते, तेव्हा त्या बाईच्या सुटकेपेक्षा स्वतःच्या डोळ्याचाच आनंद मला आधी होतो.